जुन्या इलेक्ट्रिक ट्रामचा माग कसा काढायचा: डबा नंतर, आधी तार आणि करार

एखाद्या मोठ्या शहराच्या जुन्या ट्रामचा इतिहास काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी फोटो गोळा करायला बसतात. बघता बघता फोल्डर भरतं, सगळीकडे तोच लाकडी डबा, पुढे मिशीवाला ड्रायव्हर, बाजूला एखादी बग्गी, आणि लिहायला बसलं की हात थांबतो, कारण कुठला फोटो कुठल्या सालचा, रस्ता कुठला, ट्राम तिथे आली कशी नि गेली कशी, काहीच ठाऊक नसतं. म्हणून माझं म्हणणं, क्रम उलटा करा. आधी वीज कुठून यायची ते शोधा, मग धंदा कुणाचा होता नि शहराशी करार काय होता ते, मग रूळ, आणि डबे सगळ्यात शेवटी. डबे भंगारात गेले, जाळले, कुणाच्या शेतात कोंबड्यांचं खुराडं झाले. पण वीज आणि पैसा यांचे कागद सहसा टिकतात, कारण त्यावर भांडणं झालेली असतात आणि भांडणाचे कागद लोक जपून ठेवतात.

सुरुवात सालांपासून

"अमुक शहरात ट्राम अमुक साली सुरू झाली" हे वाक्य वाचलं की लगेच विचारायचं, कुठली ट्राम? घोड्याची, केबलची का विजेची? ट्रायल म्हणून धावली का लोकांना तिकीट काढून बसता आलं? कोलकात्याचंच घ्या. तिथे १८७३ मध्ये सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्याची ट्राम निघाली आणि त्याच वर्षी बंद पडली. मग १८८० मध्ये नवी कंपनी, पुन्हा घोडे. विजेवरची ट्राम आली ती १९०२ मध्ये. आता कुणी १८७३ लिहितो, कुणी १८८०, कुणी १९०२, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मुंबईत घोड्याची ट्राम ९ मे १८७४ ला, विजेची ७ मे १९०७ ला. चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, विजेची ट्राम १८९५ लाच आली होती, मुंबई-कोलकात्याच्या आधी, हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

शेवटच्या सालाची तर आणखी गंमत. लॉस एंजेलिसची ट्राम कधी बंद झाली असं विचारलं तर अर्धे लोक १९६१ सांगतील आणि अर्धे १९६३, कारण तिथे दोन वेगळ्या सिस्टीम होत्या. पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या गावोगावी जायच्या, त्यातली शेवटची लाँग बीचची लाइन १९६१ च्या एप्रिलमध्ये गेली. शहराच्या आतल्या पिवळ्या गाड्यांचा शेवट मार्च १९६३ मध्ये झाला. हे वेगळं केलं नाही तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

म्हणून वहीत प्रत्येक शहरासाठी निदान चार सालं लिहायची: पहिली ट्राम, पहिली विजेची ट्राम, मालकी बदलली ते साल, आणि शेवटची ट्राम. मालकी बदललेलं साल बहुतेक जण गाळतात आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त कामाचं असतं, का ते पुढे येईलच.

अजून एक खड्डा म्हणजे लांबी. जुन्या रिपोर्टमध्ये कधी रस्त्याची लांबी दिलेली असते, कधी रुळांची. दुहेरी मार्ग असला की एका मैल रस्त्यावर दोन मैल रूळ धरतात. पॅसिफिक इलेक्ट्रिकचे "हजार मैलांहून जास्त" हा आकडा सगळीकडे फिरतो, तो रुळांचा आहे. त्याची दुसऱ्या शहराच्या रस्त्याच्या लांबीशी तुलना केली की "जगातली सगळ्यात मोठी" वगैरे हेडलाइन तयार होते आणि ती पोकळ असते.

आता वीज

इथे जरा जास्त वेळ घालवा, मजा इथेच आहे.

विजेवर गाडी चालवता येते हे सीमेन्सनं १८७९ च्या बर्लिनच्या प्रदर्शनातच दाखवलं होतं, आणि १८८१ मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला लोकांसाठी ट्राम सुरूही केली. पण त्यात वीज रुळांतूनच जायची, म्हणजे एक रूळ जाणारा, एक येणारा. जिथे रस्ता रूळ ओलांडायचा तिथे घोड्यांना झटके बसायचे. गर्दीच्या शहरात हे चालणं शक्यच नव्हतं. खरा प्रश्न मोटरचा कमी आणि वीज चालत्या गाडीला कशी पोचवायची याचा जास्त होता. तो सोडवला फ्रँक स्प्रेगनं, अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, १८८८ मध्ये. डोक्यावर एकच तार, गाडीच्या टपावर स्प्रिंग लावलेला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तारेखालून पळणारं चाक, आणि वीज परत जायला रूळ. शिवाय मोटर ॲक्सलजवळ अशी बसवली की चढावर हादरे बसले तरी गिअरची दातरं सुटू नयेत, कारण रिचमंडला चढ भयंकर आहेत. हे जमल्यावर अमेरिकेतल्या शहरांनी दोन-चार वर्षांत घोडे विकायला काढले. त्यामुळे तुमच्या शहरात विजेची ट्राम १८८८ च्या आधीची आहे असं कुणी म्हटलं तर अशक्य नाही, पण पुरावा मागा.

आता तुमच्या शहरात वीज कशी पोचायची ते बघा. डोक्यावरची तार सगळ्यात स्वस्त, म्हणून ती सगळ्यात जास्त. पण काही शहरांना ती नकोच होती. वॉशिंग्टनच्या मध्यभागात तारांना बंदी होती, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्येही ट्रामसाठी तार टाकू देत नव्हते, आणि लंडनच्या काउंटी कौन्सिलनंही बराच भाग तारेशिवाय केला. तिथे काय, तर दोन रुळांच्या मध्ये तिसरी फट दिसते, बारीक, सरळ. त्या फटीखाली रस्त्याच्या पोटात नाली, नालीत विजेच्या पट्ट्या, आणि गाडीखालून एक पातं, त्याला लंडनमध्ये प्लाऊ म्हणायचे, ते फटीतून खाली जाऊन पट्टीला टेकायचं. हे करायला खर्च प्रचंड, वर नालीत पाणी, चिखल, कचरा. मद्रासची ट्रामही अशाच नालीवर सुरू झाली होती आणि नंतर तारेवर आली. लंडनमध्ये तर एकाच मार्गावर अर्धा रस्ता नालीचा नि अर्धा तारेचा असायचा, मध्ये एका ठरलेल्या जागी माणूस लांब काट्यानं प्लाऊ काढायचा किंवा घालायचा आणि कंडक्टर दांडा तारेला लावायचा, आणि प्रवासी आत बसून राहायचे. फोटोत रुळांच्या मध्ये ती तिसरी रेघ दिसली की शहरांची यादी झपकन छोटी होते. गंमत म्हणजे सुंदर चौकात तार नको हे भांडण अजून संपलेलं नाही, फ्रान्सच्या बोर्डो शहरानं २००३ मध्ये नवी ट्राम काढली तेव्हा जुन्या शहरात वीज जमिनीतूनच दिली.

विजेचे कागद कुठे? पॉवर हाउस आणि सबस्टेशन. ट्रामला साधारण ५०० ते ६०० व्होल्टची डीसी लागायची, आणि लांबून येणारी वीज असायची एसी, म्हणून दर काही अंतरावर सबस्टेशन, आत गरगरणारे मोठे कन्व्हर्टर. इमारत ओळखायला सोपी, उंच छत, मोठ्या कमानी खिडक्या, आजूबाजूच्या दुकानांशी मेळ न खाणारी. आज तिथे कदाचित जिम असेल. सबस्टेशनच्या जागा नकाशावर टाकल्या की ट्रामचं जाळं अर्धं आपोआप दिसतं, कारण लांबवर वीज ढकलली की व्होल्टेज पडतं, म्हणून ती जाळ्यापासून लांब असूच शकत नाहीत.

आणि एक फारसं कुणी न बघणारं ठिकाण सांगतो, पाणीखात्याचे जुने रिपोर्ट. वीज रुळांतून परत जायची असं वर म्हटलं ना, पण रुळांचे जोड नीट नसले की ती वाट सोडून शेजारच्या लोखंडी पाइपांत शिरायची, आणि जिथून बाहेर पडायची तिथे पाइप कुरतडून टाकायची. पाणीवाले आणि गॅसवाले ट्राम कंपनीवर भडकलेले असायचे, इंजिनियर नेमून मोजमापं व्हायची. कुठल्या रस्त्यावर किती रूळ, किती गाड्या, जोड कसे, सगळं त्या भांडणात लिहिलेलं सापडतं. ट्रामच्या स्वतःच्या रेकॉर्डपेक्षा शत्रूचं रेकॉर्ड कधीकधी जास्त प्रामाणिक असतं.

रूळ काय सांगतात

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, शोधून ठेवा, यातून बऱ्याच गोष्टी उलगडतात. लॉस एंजेलिसच्या पिवळ्या गाड्या १०६७ मिलिमीटरवर आणि लाल गाड्या १४३५ वर, म्हणून डाउनटाउनच्या ज्या रस्त्यांवर दोघी धावायच्या तिथे तीन रूळ दिसतात. फोटोत तीन रूळ दिसले तर ते नालीची फट आहे का खरा तिसरा रूळ हे नीट बघा, फट बरोबर मधोमध असते आणि तिसरा रूळ एका बाजूला. ग्लासगोचं गेज रेल्वेच्या गेजपेक्षा जरासंच कमी होतं, ४ फूट पावणेआठ इंच, आणि ते चुकून नाही, मुद्दाम. रेल्वेच्या वाघिणीचं चाक ट्रामच्या खाचेत कडेवर टेकून चालावं आणि माल रस्त्यातून थेट जहाजाच्या कारखान्यात जावा म्हणून. टोरंटोनं १४९५ मिलिमीटर धरलं ते अजून चालू आहे, इतकं की तिथली जुनी मेट्रोसुद्धा त्याच गेजवर बांधली.

रस्त्याचं काम निघालं आणि डांबराखालून रूळ उघडे पडले तर धावत जा. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात असेच जुने रूळ वर आले होते. उघड्या रुळाची बाजू जिथे उभी दिसते तिथे उठावाची अक्षरं असू शकतात, बनवणारा कारखाना आणि बरेचदा सालही. स्केल ठेवून फोटो काढा, पण साल सापडलं म्हणून लाइन त्या सालची असं ठरवू नका, रूळ झिजले की बदलायचे, त्यामुळे तुम्हाला फक्त इतकंच कळतं की त्या सालाच्या आधी हा तुकडा तिथे नव्हता.

रूळ उखडले का पुरले हाही प्रश्न आहे. उखडायला पैसे लागतात, म्हणून खूप ठिकाणी वरून डांबर ओतून मोकळे झाले. मेलबर्नमध्ये उलटं, तिथला ट्राम बोर्डाचा प्रमुख रॉबर्ट रिसन हा ट्रामचा कट्टर माणूस, त्यानं रूळ काँक्रीटमध्ये असे गाडले की काढायचे म्हटलं तरी खर्च ऐकून कुणी हात लावू नये. १९५० च्या नंतर सगळं जग ट्राम काढत असताना मेलबर्ननं टिकवली त्याची कारणं बरीच आहेत, पण हे एक आहेच. सिडनीचं जाळं काही कमी नव्हतं, ते १९६१ ला बंद झालं.

करार आणि भाडं, इथे खरी गोष्ट आहे

मालकीचं साल का महत्त्वाचं ते आता. सुरुवातीच्या बहुतेक ट्राम खाजगी कंपन्यांच्या. शहर त्यांना रस्ता वापरायचा परवाना द्यायचं, ठरावीक वर्षांसाठी, आणि बदल्यात अटी. अमेरिकेत ठरलेली अट म्हणजे भाडं पाच सेंट, आणि रुळांच्या मधला नि बाजूचा थोडा रस्ता कंपनीनं स्वतःच्या पैशानं फरसबंद करायचा. घोड्यांच्या काळात ही अट ठीक होती, घोड्यांच्या नालांनी रस्ता खराब व्हायचा. विजेची ट्राम आली, घोडे गेले, अट मात्र तशीच राहिली. मग मोटारी आल्या आणि त्या ट्राम कंपनीनं स्वतःच्या खर्चानं गुळगुळीत ठेवलेल्या रस्त्यावरूनच पळायला लागल्या, वर ट्रामलाच अडवायला लागल्या. पहिल्या महायुद्धात पगार वाढले, तांबं नि पोलाद महागलं, पण भाडं पाच सेंटच, कारण करारात लिहिलेलं आणि ते वाढवायला निवडून आलेला कुणी तयार नाही. त्याच सुमाराला, १९१४-१५ ला, लॉस एंजेलिसपासून सुरू होऊन लोक स्वतःच्या मोटारीत पाच सेंटला सवारी भरायला लागले, आपल्याकडच्या शेअर टॅक्सीसारखंच, आणि ट्रामची मलई घेऊन गेले.

भाडं वाढवलं तर काय होतं ते कोलकात्यात बघा. १९५३ मध्ये कंपनीनं सेकंड क्लासचं भाडं एक पैसा वाढवायचं ठरवलं आणि शहर पेटलं, मोर्चे, जाळपोळ, गोळीबार. एक पैसा! पण फाळणीनंतर माणसांनी भरलेल्या शहरात तो रोजचा पैसा होता. तुमच्या शहराच्या पेपरात भाडेवाढीच्या आठवड्यांचे अंक काढून वाचा, ट्राम कोण वापरायचं, कुठे जायचं, महिन्याला किती खर्च करायचं, सगळं त्या दिवसांत छापून येतं. इतर दिवशी ट्राम बातमीच नसते.

दुसरा प्रश्न, कंपनी पैसे नक्की कशातून कमवत होती. हेन्री हंटिंग्टन या उद्योगपतीची पॅसिफिक इलेक्ट्रिक लाइन टाकायची उजाड माळावर, कारण तो माळ त्याच्याच जमीन कंपनीनं आधी घेतलेला असायचा. ट्राम आली की प्लॉट विकले जायचे. म्हणजे ट्राम तोट्यात चालली तरी जमिनीत भरून निघायचं, आणि प्लॉट संपले की ट्राम हे फक्त ओझं उरायचं. अशा लाइनीचा इतिहास जमिनीच्या खरेदीखतांत जास्त सापडतो. काही कंपन्या वीज विकायच्या आणि ट्राम हे विजेचं ठरलेलं गिऱ्हाईक होतं. मुंबईची कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली तीच वीजपुरवठा आणि ट्राम एकत्र घेऊन, आणि ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेनं घेतली. अमेरिकेत १९३५ च्या एका कायद्यानं वीज कंपन्यांच्या मोठमोठ्या साखळ्या मोडल्या, आणि त्यांच्या पदराखाली जगणाऱ्या बऱ्याच ट्राम उघड्यावर पडल्या. म्हणून मालकी बदललेल्या सालाच्या पाच वर्षं मागचे नि पाच वर्षं पुढचे वार्षिक रिपोर्ट काढा, खर्चाची पानं शेजारी ठेवा. देखभालीचा आकडा कधी घसरायला लागला ते दिसलं की ट्रामचा शेवट कधी ठरला ते दिसतं, शेवटची गाडी धावण्याच्या बरंच आधी.

परवान्यात बसण्याचे नियमही असतात, ते चुकवू नका. ज्या रिचमंडनं ट्राम यशस्वी करून दाखवली तिथेच १९०४ मध्ये कंपनीनं काळ्या लोकांना वेगळं बसवायला सुरुवात केली, आणि मॅगी वॉकर, जॉन मिशेल यांच्यासारख्या काळ्या पुढाऱ्यांनी बहिष्कार पुकारला, लोक चालत कामाला जायला लागले. माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर टाकलेल्या प्रसिद्ध बहिष्काराच्या आधी पन्नास वर्षं.

आता कुठे फोटो

फोटोची तारीख लावायला आधी तो उलटा छापलेला नाही ना ते बघा, पाट्यांची अक्षरं तपासा, जुन्या काचेच्या निगेटिव्हमध्ये हे सर्रास होतं. मग टपाकडे बघा. दांडा नेहमी मागे झुकलेला असतो, त्यावरून गाडी कुठल्या दिशेला चाललीय ते कळतं आणि मग रस्त्याची कुठली बाजू दिसतेय ते. दांड्याच्या जागी रुंद धनुष्य किंवा पँटोग्राफ, म्हणजे टपावरची घडीची चौकट, असेल तर शहर वेगळं किंवा काळ नंतरचा. मग चाकं. चारच चाकं असली तर जुनी किंवा छोट्या मार्गाची गाडी, त्यातली ब्रिल कंपनीची २१-ई ही चार चाकांची चौकट फिलाडेल्फियाहून जगभर गेली, ती एकदा ओळखायला शिकलात की कुठल्याही देशाच्या फोटोत सापडेल. छोटीशी, हलकी, एकटाच माणूस चालवतोय आणि पैसेही घेतोय अशी दिसली तर ती बर्नी नावाची गाडी, १९१५-१६ नंतरची, कंपनीला कंडक्टरचा पगार वाचवायचा होता तेव्हाची. गोल नाकाची गुळगुळीत, पीसीसी नावाची अमेरिकन गाडी असेल तर १९३६ च्या आधीचा फोटो असूच शकत नाही, ती त्या वर्षी ब्रुकलिनमध्ये पहिल्यांदा धावली. तिचंच लायसन घेऊन प्रागच्या टाट्रा कारखान्यानं पुढे हजारोंनी गाड्या काढल्या, म्हणून पूर्व युरोपातला फोटो आणि अमेरिकेतला फोटो चुलतभाऊ वाटतात.

युनिफॉर्ममधली बाई कंडक्टर असेल तर बहुतेक युद्धाचा काळ, ग्लासगोनं १९१५ मध्येच बायकांना घेतलं होतं. ब्रिटनमधल्या गाडीच्या खालच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या आणि दिव्यांवर झाकण असेल तर १९३९ ते ४५, ब्लॅकआउट. मुंबईत डबलडेकर दिसली तर १९२० च्या नंतरचा फोटो. पण एक सांगतो, नुसत्या गाडीच्या मॉडेलवरून तारीख ठोकू नका, ट्राम मरत नाही लवकर. मिलानमध्ये १९२८ च्या गाड्या आजही रोजच्या प्रवाशांना घेऊन धावतात, म्हणजे गाडीवरून फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगता येतं, "याच्या नंतरचा नाही" हे सांगायला जाहिरात, दुकानाची पाटी, शेजारची मोटार असलं काहीतरी शोधावं लागतं.

तिकिटं आणि ट्रान्सफर, म्हणजे एका ट्राममधून दुसरीत बदलायच्या चिठ्ठ्या, मिळाले तर सोनं. त्या चिठोऱ्यावर मार्गांची नावं छापलेली असतात, तारीख पंच केलेली असते, कुठून कुठे बदलता येत होतं ते असतं. नकाशापेक्षा खरं. नकाशात आखलेली लाइन कधी बांधलीच गेली नाही असं होतं, तिकिटाचं तसं होत नाही.

एकदा हँडल बघून या

कागद वाचून वाचून डोकं जड झालं की जिथे जुनी ट्राम चालू स्थितीत ठेवलीय अशा म्युझियममध्ये जा. इंग्लंडमध्ये क्रिचला आहे, अमेरिकेत मेन राज्यात सीशोअर आहे, लॉस एंजेलिसच्या लाल-पिवळ्या गाड्या बघायच्या तर कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावचं म्युझियम. पुढच्या प्लॅटफॉर्मवर मोटरमनच्या जागी उभं राहा. समोर कमरेएवढा लोखंडी कंट्रोलर, वर पितळेची तबकडी, तिच्यावर खुणा, आणि फिरवायचं हँडल. पहिल्या खुणेवर दोन मोटरी एकामागे एक जोडलेल्या आणि मध्ये सगळा रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारी जाळी, गाडी हळूच हलते. खट्, पुढची खूण, थोडा रेझिस्टन्स गेला. खट्, अजून थोडा. मग एक खूण येते जिथे रेझिस्टन्स पूर्ण बाहेर, तिथे पाहिजे तेवढं थांबा. त्याच्या पुढे मोटरी शेजारी शेजारी जोडल्या जातात, परत रेझिस्टन्स, परत कमी करत शेवटच्या खुणेवर फुल स्पीड. मधल्या खुणांवर रेंगाळायचं नाही, खालची रेझिस्टन्सची जाळी तापते आणि जळका वास येतो. पुढे-मागेचं हँडल वेगळं, आणि मोठं हँडल बंद असल्याशिवाय ते हलतच नाही.

शेवटच्या स्टॉपवर बघा काय होतं ते. मोटरमन हँडल काढून हातात घेतो आणि चालत दुसऱ्या टोकाला जातो. कंडक्टर दोरी धरून दांडा तारेवरून खाली ओढतो, गाडीला वळसा घालून उलट बाजूला नेतो आणि चाक बरोबर तारेखाली बसेपर्यंत मान वर करून उभा राहतो. आत बाकांच्या पाठी धाडधाड उलट्या होतात. हे बघितल्यावर नकाशाचा एक मोठा प्रश्न सुटतो: गाडीला दोन्हीकडे ड्रायव्हरची जागा असेल तर शेवटच्या स्टॉपला एका रुळावरून शेजारच्या रुळावर जाणारा नुसता आडवा सांधा पुरायचा, एकाच बाजूला असेल तर तिथे वळायला लूप लागायचा, आणि लूपला जागा लागते. म्हणजे फोटोत एकतोंडी गाडी दिसली की शेवटच्या स्टॉपजवळ आज गोल चौक, छोटी बाग किंवा विचित्र आकाराचा प्लॉट आहे का ते शोधायचं.

रस्त्यावर उतरल्यावर

विम्याचे जुने नकाशे सोबत ठेवा. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीचे, ब्रिटन-कॅनडात गोड (Goad) कंपनीचे. आगीचा धोका मोजायला काढलेले असल्यामुळे डेपो त्यात इतका बारीक असतो की आतले रूळ मोजता येतात. मग चालत निघा. कोपऱ्यावरची इमारत तिरकी कापलेली, फुटपाथ विनाकारण आत वळलेला, रस्ता मध्येच रुंद होऊन परत अरुंद, जुन्या घराच्या भिंतीवर दुसऱ्या मजल्याच्या उंचीला लोखंडी फुलासारखी खुंटी जिला कधी तारेचा ताण बांधलेला होता, डेपोच्या रुंद दरवाज्यांची ओळ. बसचे नंबर आणि मार्गही बघा, ट्राम गेल्यावर बस बरेचदा त्याच वाटेनं सोडली गेली. नावंही राहतात, दादर टीटी म्हणताना तिथे ट्रामचं टर्मिनस होतं हे आता कुणाला आठवत नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून निघून दादरलाच गेली. लंडनच्या किंग्जवेखालच्या ट्रामच्या बोगद्याचा उतार अजून रस्त्याच्या मधोमध आहे, रूळ आणि नालीच्या फटीसकट, १९५२ पासून ट्राम नाही तरी.

"ट्राम कुणी मारली" हे लिहिताना

हा भाग सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जनरल मोटर्सनं कट करून अमेरिकेच्या ट्राम मारल्या असं सरसकट सांगितलं जातं. कोर्टात काय झालं ते एवढंच: नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या कंपनीनं गावोगावच्या वाहतूक कंपन्या घेतल्या, तिच्यात जनरल मोटर्स, फायरस्टोन, तेल कंपन्या यांचा पैसा होता, आणि १९४९ मध्ये बस, टायर, तेल यांच्या विक्रीत मक्तेदारी करायचा कट केला म्हणून त्यांना दोषी धरलं. वाहतूकच ताब्यात घ्यायचा जो दुसरा आरोप होता त्यातून सुटले. कंपन्यांना दंड पाच हजार डॉलर, साहेबांना एक डॉलर. दंड हास्यास्पद आहे हे खरं, पण लॉस एंजेलिसमध्ये त्या कंपनीनं घेतल्या त्या पिवळ्या गाड्या, लाल गाड्या नाहीत, आणि लाल गाड्यांच्या लाइनी त्याच्या कितीतरी आधीपासून एकेक करून बंद होत होत्या. आणि जिथे जनरल मोटर्सचा संबंधच नव्हता, ट्राम सार्वजनिक मालकीचीच होती, त्या लंडन-ग्लासगोतही ती गेली. तेव्हा तुमच्या शहरापुरतं विचारा: शेवटच्या दहा वर्षांत रूळ बदलायला पैसे मागितले होते का, कुणी नाकारले, रस्ता रुंद करायचा प्लॅन कुणाचा होता, मोटारींना मध्ये घुसू द्यायचं का यावर पोलिसांनी काय ठरवलं. नाव एकाच खलनायकाचं येत नाही सहसा, कमिटीच्या मिनिट्समध्ये पाच-सहा कंटाळलेले लोक सापडतात.

मग नकाशा काढा आणि प्रत्येक तुकड्यावर दोन तारखा टाका, सुरू आणि बंद. जिथे तारीख नाही तिथे तुटक रेघ, अंदाजानं भरू नका, पुढचा माणूस तुमचा अंदाज पुरावा म्हणून उचलतो. रस्त्यातून जाणारे तुकडे आणि कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवरून जाणारे तुकडे वेगळ्या रंगात दाखवा, कारण रस्त्यातले डांबराखाली जातात पण स्वतःच्या जमिनीची पट्टी कागदोपत्री तशीच राहते. लॉस एंजेलिसहून लाँग बीचला १९९० मध्ये नवी इलेक्ट्रिक लाइन सुरू झाली ती बऱ्याच अंतरासाठी लाल गाड्यांच्या त्याच जुन्या पट्टीवरून जाते. अशी पट्टी तुमच्या शहरात कुणाच्या नावावर आहे ते जमिनीच्या कचेरीत बघून या, आणि तो उतारा नकाशाला जोडूनच ठेवा.